हरेश्वरच्या कानाशी

"वर बघ. मान हलवू नकोस. फक्त डोळे."

बाईंनी हे ज्याला सांगितलं नाही असा माणूस तेव्हाच्या बोईसरात शोधून सापडला नसता. उजव्या हाताचं बोट समोरच्याच्या कपाळावर देवळातल्या घंटेसारखं टांगायचं आणि स्वतः मान तिरकी करून त्याच्या पापण्यांकडे टक लावून बसायचं. पोटुशी बाई आली, वर बघ. मीटर वाचायला वायरमन आला, वर बघ. भाजीवाल्याने वांगी महाग लावली, तरी वर बघ. एकदा सत्यनारायणाला आलेल्या भटजींनाही वर बघायला लावलं. भटजींना वाटलं, छताला पाल आहे. त्यांनी चौरंग सरकवून मांडला आणि अख्खी पोथी एका डोळ्याने वाचली. दुसरा डोळा छताकडे.

बाई डॉक्टर, आणि मी त्यांच्याकडे नर्स होते. दारावर पाटी प्रसूतिगृहाची. आत थोड्याशा खाटा, एक लेबर रूम, एक फ्रिज आणि आम्ही दोघी. बाई सांगोल्याकडच्या. उंचीने इतक्या कमी, की टेबलाशी उभं राहायला त्यांच्यासाठी सुताराने पाट करून दिला होता. त्या पाटावर चढल्या की आवाज मात्र फौजदाराचा. लग्न केलं नव्हतं. का, ते कुणी विचारलं नाही, म्हणजे मी विचारलं होतं, आणि मला वर बघायला लावण्यात आलं.

आता प्रसूतिगृहात सापाचं काय काम, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. ज्या फ्रिजमध्ये बाईंची लसणाची चटणी असायची, त्यातच चटणीला खेटून सापाच्या लसीच्या बाटल्या ठेवलेल्या. मी म्हटलं, "बाई, आपल्याकडे बायका बाळंत होतात. साप होत नाहीत."

"सिस्टर," बाई म्हणाल्या, "बाळंतीण आणि साप चावलेला, दोघांनाही उद्या या म्हणून चालत नाही."

तर त्या बोटाची गोष्ट. औद्योगिक वसाहतीत कारखाने वाढले तशा भाड्याच्या खोल्या वाढल्या. एका खोलीत सात-आठ जण, शिफ्ट संपली की जमिनीवर सतरंजी टाकून आडवे. एके सकाळी अशाच एका खोलीतून एका पोराला रिक्षात घालून आणलं. डोळे अर्धे मिटलेले, जीभ जड, पोटात कळा. सोबत खोलीमालक. तो येताक्षणी म्हणाला, "रात्री चढवली असणार बाई. वास येत नाही, पण हे लोक काय पितात, सांगता येत नाही."

बाईंनी बोट टांगलं. "भैया, ऊपर देखनेका. मुंडी नहीं हिलानेका."

बाईंचं हिंदी हे सांगोल्याहून चालत आलेलं होतं, पण पोराला कळलं. त्याने जीव खाऊन वर बघायचा प्रयत्न केला. बुबुळं हलेनात, पापण्या उघडेनात.

"हा प्यायलेला नाही. दारूने पापण्या अशा पडत नाहीत, विषाने पडतात. याला मण्यार चावलीय. झोपेत."

"मण्यार?" खोलीमालकाचा अपमान झाला. "माझ्या चाळीत?"

"तुम्हाला विचारून आली नसेल," बाई म्हणाल्या आणि मला फ्रिजकडे पिटाळलं. अंगावर कुठे खूण नव्हती. मण्यारीची नसतेच, डास चावल्याएवढंही दिसत नाही. लस दिली, आणखी दिली, आणि संध्याकाळी ते पोर उठून बसलं आणि त्याने चहा मागितला. तेव्हापासून बाईंनी बोट खिशात ठेवलं नाही, आणि गावात बातमी पसरली, की बाळंतिणींच्या दवाखान्यात सापावरचं औषध आहे, आणि ते कधी चुकत नाही.

ही दुसरी बातमी खोटी होती. तिनेच पुढे आमचा घाम काढला.

एका दुपारी मासळीचा टेंपो दारात थांबला. मला वाटलं, कुणी पापलेटं पाठवली. मागचं फळकूट उघडलं तर बर्फाच्या पाट्यांमध्ये एक धिप्पाड माणूस आडवा, आणि त्याच्याभोवती सगळी होडी. होडी म्हणजे होडीवरची माणसं. किनाऱ्यावरच्या नवापूरचा हरेश्वर. मामा त्याचा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या. बायको जयवंती, बाजारात मासळी विकताना तिचा आवाज रेल्वे फाटकापलीकडे ऐकू यायचा, ती आज गप्प होती. त्यावरूनच मी ओळखलं, की काहीतरी भयंकर आहे.

हरेश्वरचं अंग लाकडासारखं ताठ. मान वळेना. तोंड उघडेना. मी नर्स आहे, मला पाठ होतं. म्हटलं, "बाई, धनुर्वात."

"दार आपटा," बाई म्हणाल्या.

मी आपटलं. पलीकडची बाळं रडू लागली. हरेश्वर होता तसाच.

"धनुर्वात असता तर या आवाजासरशी अंगाची कमान झाली असती." बाई पाटावर चढल्या. त्याच्या हनुवटीवर पंजा ठेवून हळूहळू खाली दाबत राहिल्या, गंजलेल्या ट्रंकेचं झाकण उघडावं तशा. आणि तोंड उघडलं! बोटभर, मग दोन बोटं. "धनुर्वाताचं तोंड असं ऐकत नाही, सिस्टर." मग त्यांनी त्याची मांडी दाबली. तो दातांतून कळवळला. शेवटी नळी घालून लघवी काढली आणि बाटली खिडकीच्या उजेडात धरली. काळा चहा. दूध न घातलेला, उकळून उकळून विसरलेला काळा चहा.

बाईंचा चेहरा बदलला.

"मामा, आज जाळ्यात काय काय आलं?"

मामांना प्रश्न आवडला. "बोंबील आला, करंदी आली, मांदेली..."

"आणखी?"

"मंग कचरा."

"कचऱ्यात काय?"

"कचऱ्यात लांबडी." मामांनी कानाला हात लावला. साप हा शब्द ते तोंडातून काढत नसत. "ती रोजचीच हाएत, बाय. हातानी उचलायची, परत दर्यात टाकायची. गरीब असतात. कुनाला चावत नाय."

"हरेश्वर, हाताला काही लागलं आज?"

हरेश्वर जड जिभेने म्हणाला, "सकाली. शिंगाल्याचा काटा."

"दुखला?"

"नाय."

आता गंमत बघा. शिंगाळा हा काटेरी मासा. त्याचा काटा ज्याला लागतो तो माणूस किनारा येईपर्यंत त्या माशाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत येतो. हे खोलीतल्या प्रत्येक माणसाला ठाऊक होतं, मला धरून सगळ्यांना. आणि बाईंनी फक्त एवढंच विचारलं, "शिंगाळ्याचा काटा, आणि दुखला नाही?"

मामांनी हरेश्वरचा हात हातात घेतला. तो हात म्हणजे काट्यांनी टोचून टोचून चाळण झालेला. शंभर खुणांत एक खूण कुठली, देवाला तरी सापडली असती का? पण आता शोधायची गरज नव्हती. समुद्रातलं लांबडं चावतं तेव्हा दुखत नाही. मुंगीएवढंही नाही. म्हणून तर ती गरीब ठरली होती.

जयवंतीला मग आवाज सापडला. "बाय, लस काढा. त्या भय्याला दिलात, मंग माज्या नवऱ्याला का नाय?"

"ती लस जमिनीवरच्या सापांची आहे. नागाची, मण्यारीची, घोणसाची, फुरशाची. याच्यावर चालत नाही."

"देऊन तर बघा!"

"दिली तर तुला बरं वाटेल. त्याला नाही. उलट त्रास व्हायचा."

"मंग याची लस आना!"

"ती आपल्याकडे कुठेच मिळत नाही गं."

होडीवरची माणसं पुढे सरकली. त्यांच्यातला एक जण फ्रिजकडे बघत होता. मी फ्रिजला पाठ लावून उभी राहिले, हात पसरून, नाटकात राणी उभी राहते तशी. आत चटणी आहे, बाटल्या आहेत, आणि मी एकटी आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. बाई पाटावरून खाली उतरल्या. त्यामुळे त्या त्या गड्याच्या छातीपर्यंतच आल्या. त्याच्याकडे मान वर करून म्हणाल्या, "याचा श्वास थांबत चाललाय. श्वास द्यायचं मशीन मुंबईला आहे. आणि याचा श्वास वसईच्या अलीकडेच संपेल. म्हणून तो इथेच राहणार, आणि त्याचा श्वास आपण घ्यायचा, विष उतरेपर्यंत. भांडायचंय की श्वास घ्यायचाय?"

"कोन घेनार?" त्याने विचारलं.

"तू. हात धुऊन ये."

बाईंनी घशात नळी घातली, तिला रबरी पिशवी जोडली. पिशवी दाबली की छाती वर, सोडली की खाली. शिरेतून पाणी आणि औषध, कारण विषाने विरघळलेले स्नायू लघवी काळी करत होते, आणि त्यांनी मूत्रपिंडं तुंबायच्या आत ती धुऊन निघायला हवी होती. बाकी काम होडीकडे. पहिल्या गड्याने भीतीने इतक्या भराभर पिशवी दाबली, की हरेश्वरच्या छातीचा भाता झाला. बाई ओरडल्या, "मामा, जाळं असं ओढतात का?"

मामा म्हणाले, "असा वढला तर फाटल."

"मग सांगा याला."

मामा पायथ्याशी उभे राहिले आणि जाळं ओढतानाची हाळी त्यांनी हलक्या आवाजात धरली. हो... हैस्सा... हो... हैस्सा. पिशवी तालात आली. माझ्या बाळंतिणी खाटांवर उठून बसल्या. एकीचं रडणारं बाळ त्या तालावर झोपी गेलं, मी डोळ्यांनी पाहिलं.

थोड्याच वेळात हरेश्वर पूर्ण निपचित झाला. बोट हलेना, पापणी हलेना. एक गडी कोपऱ्यातून पुटपुटला, "गेला बिचारा."

बाईंनी त्याचा दंड धरला. "त्याला सगळं ऐकू येतंय. हलता येत नाही, एवढंच. तू आत्ता त्याला काय सांगितलंस? जा, त्याच्या कानाशी जाऊन माफी माग."

आणि तो दांडगा गडी खाली वाकून म्हणाला, "हरेश्वर, माजा चुकला. तू हायस. तू हायस हां."

मग बाईंनी फर्मान काढलं, की या खोलीत रडायचं नाही, कुजबुजायचं नाही, जे बोलायचं ते त्याच्याशी बोलायचं. जयवंतीला म्हणाल्या, "तू बोल. नेहमी बोलतेस तसं." जयवंतीने पदर खोचला आणि नेहमी बोलते तसं बोलायला लागली. त्या माणसाने लग्नापासून केलेली एकूण एक चूक तिने त्याला ऐकवली. छपराची कौलं, मेव्हण्याच्या हळदीतला तमाशा, जत्रेत हरवलेली तिची चप्पल. मी सलाइन बदलत होते, माझं हसू आवरेना, आणि तिच्या डोळ्यांतून मात्र पाणी गळत होतं, आवाजाला त्याचा पत्ता नव्हता.

एकीकडे टेंपो नवापूर-बोईसर फेऱ्या मारत होता आणि एकच बातमी नेत होता. लघवीचा रंग. सगळं गाव त्यावर जगत होतं. "काय रंग?" "अजून काळा चा." "आता?" "जरा इरलाय." बाजारात मासळीवाल्या मला हाक मारून विचारायच्या, भरबाजारात, "सिस्टर, रंग?" मीही भाव सांगावा तशी सांगायची. मधेच एक पोटुशी कळा देत आली आणि अडली. बाईंनी पिशवी गड्यांच्या हवाली केली, पडद्यापलीकडे जाऊन तिला मोकळं केलं, हात धुऊन परत आल्या. हाळी तेवढ्या वेळात एकदाही चुकली नव्हती.

दुसऱ्या दिवशीची दुपार मला सगळ्यात जास्त आठवते. थकून सगळे मागच्या पडवीत जेवायला गेले होते. मी ताट घेऊन बाईंना बोलवायला आले आणि दारातच थांबले. बाई पाटावर बसून स्वतः पिशवी दाबत होत्या. तोंड हरेश्वरच्या कानाशी. बोलत होत्या. हळू, सलग, मधे थांबत, मधे हसत. एकदा पदराने डोळे पुसले, दाबायचा हात न थांबवता. इतकी वर्षं मी त्यांच्यासोबत होते. त्यांच्या चपला, त्यांची चटणी, त्यांचा राग, सगळं मला पाठ होतं. पण ही बोलणारी बाई मी कधी पाहिली नव्हती. ताट घेऊन मी परत फिरले.

हरेश्वर जगला. जयवंतीने त्याला सांगितलं, की होडी आता तुझ्या भावाला देऊन टाकते, आणि त्याच्या पायाचा अंगठा हलला. ती किंचाळली, मामांची हाळी चुकली, मी टेंपोवाल्याला ओरडून सांगितलं. मग लिंबू सरबतासारखी लघवी झाली, त्या दिवशी नवापुरात पेढे वाटले. लघवीच्या रंगासाठी वाटलेले पेढे मी आयुष्यात एकदाच खाल्ले. आणि नळी निघाल्यावर घोगऱ्या आवाजात हरेश्वर पहिलं काय बोलला? कोपऱ्यातल्या गड्याला म्हणाला, "गेला बिचारा, आँ?"

महिन्याभराने तो चालत दवाखान्यात आला. हातात प्लास्टिकची बादली, वर ओलं गोणपाट. बाईंना म्हणाला, "तुमी ज्याच्याशी भांडलात त्याला तुमी बगितला नाय. म्हून आनला." बाईंनी गोणपाट उचललं. आत समुद्राचं पाणी, आणि त्यात जिवंत, पट्ट्यापट्ट्यांचं लांबडं, वल्ह्यासारखी चपटी शेपटी हलवत. बाळंतिणी बाळं घेऊन खाटांवर उभ्या. मी कुठे होते ते विचारू नका. मी औषधांच्या कपाटावर होते, आणि तिथे कशी चढले ते मला आजही माहीत नाही.

बाई बादलीजवळ उकिडव्या बसल्या. लहान मुलीसारख्या. "काय सुंदर आहे रे," म्हणाल्या. मग एकदम भानावर आल्या. "हे बादलीत कशानं घातलंस?"

हरेश्वर अभिमानाने म्हणाला, "हातानी!"

बाईंनी पायातली चप्पल काढली. तो पळाला, बाई मागे, रिक्षावाले बघत राहिले. संध्याकाळी त्याच टेंपोतून बाई स्वतः नवापूरला गेल्या, बादली समुद्रात रिकामी केली, आणि किनाऱ्यावर सगळ्या होड्यांना उभं करून शपथ घ्यायला लावली, की इथून पुढे लांबडं काठीने उचलायचं. ती शपथ पाळली जाते. काठीला तिकडे अजून बाईंची काठी म्हणतात.

पुढे बाईंची कंबर गेली, पाटावर चढणं होईना. प्रसूतिगृह बंद केलं आणि त्या सांगोल्याला बहिणीकडे गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "सिस्टर, फ्रिज तुम्ही घेऊन जा." बस्स, एवढंच. मी म्हटलं, बरं. एका पावसाळ्यात शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला, की बाई गेल्या.

मी नवापूरला गेले. कुणाला तरी सांगायला हवं होतं, आणि तिथे सांगितलं की सगळ्या किनाऱ्याला कळतं. हरेश्वर घराच्या पडवीत जाळं विणत होता. केस पिकलेले. मी सांगितलं. त्याने सुई बाजूला ठेवली. जयवंतीने चहा दिला आणि आत निघून गेली.

मग मी विचारलं. हे मला इतकी वर्षं विचारायचं होतं आणि बाई असेपर्यंत धीर झाला नव्हता. "हरेश्वर, त्या दुपारी सगळे जेवायला गेले होते तेव्हा बाई तुझ्या कानाशी बोलत होत्या. तुला ऐकू येत होतं?"

"येत होता ना."

"सगळं?"

"सगला."

"काय बोलत होत्या?"

त्याने जाळ्याचं टोक गुडघ्यावर ओढलं. "मला विचारत होत्या. एकेक. आनि विचारला की थांबायच्या. मी जसा उत्तरच देनार."

"मग?"

"मंग मी द्यायचो. मनातल्या मनात. माजा झाला की त्या फुडचा विचारायच्या. कशा काय बरोबर तवाच विचारायच्या, कोन जाने."

"काय विचारायच्या रे?"

हरेश्वर हसला. इतका हळू, की मला वाटलं आता सांगेल. मी चहाचा कप खाली ठेवला, पदर सावरला, पुढे सरकून बसले.

"ऱ्हाऊ दे, सिस्टर," तो म्हणाला. "दोगांचा बोलना होता तो."

त्याने सुई उचलली आणि जाळ्यातलं फाटलेलं घर शोधायला लागला. भरती चढत होती. मी तिथेच बसून राहिले, त्याच्या तोंडाकडे बघत.